छोटा लिफाफा

परवा पुन्हा ऑर्डर आली. आता ती कागदावर येत नाही. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ येऊन पडते आणि आपलं नाव शोधायला चार-पाचशे नावांतून बोट खाली सरकवत जावं लागतं. मी चष्मा लावून सरकवत गेले. माझं नाव सापडलं, पुढे 'मतदान केंद्राध्यक्ष' असं लिहिलेलं, आणि खाली नेहमीची धमकी, की नेमणूक नाकारल्यास कारवाई होईल. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी वेड्यासारखी आणखी खाली गेले, सरांचं नाव बघायला. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आणि जाऊन दीड. तरी दर निवडणुकीला माझं बोट त्या यादीत सरांना शोधून येतं.

मी दमले आहे, हे आधीच सांगून टाकते. सत्तावीस वर्षांत मी जेवढी मुलं शिकवली त्याहून जास्त लोकांच्या बोटांना शाई लावली असेल. जनगणना झाली, मतदारयाद्या झाल्या, खिचडीचे तांदूळ मोजून झाले, कोणाच्या घरी संडास आहे आणि कोणाच्या नाही हेही दारोदार जाऊन लिहून झालं. जिल्ह्याचं नाव बदललं, आमच्या तोंडात नगरच राहिलं, आणि ऑर्डरची भाषाही होती तीच राहिली. निवडणूक लागली की शाळेत कुणाचं ब्लडप्रेशर वाढायचं, कुणाची सासू अंथरूण धरायची, कुणी डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन तहसिलीच्या पायऱ्या चढायचं. सर मात्र आनंदात असत. कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढून ते ती ओल्या फडक्यानं पुसायला घेत, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघून कपाळाला हात लावायचो. कारण सर केंद्राध्यक्ष म्हणजे आमची धडगत नाही, हे ठरलेलं होतं.

मिरजगावजवळच्या आमच्या शाळेत सर मुख्याध्यापक होते. राहायचे शेजारच्या तालुक्याच्या गावी, आणि तिथून रोज मोटरसायकलवर यायचे. किडकिडीत अंग, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं, खिशाला दोन पेनं. आवाज बारीक, पण एकदा बोलायला लागले की थांबत नसत. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत आले आणि शेवटपर्यंत 'बाई'च म्हणाले. एकूण नऊ निवडणुका मी त्यांच्या हाताखाली काढल्या. शाई लावायचं काम माझ्याकडे, आणि ती नखाच्या मुळाशी गेली की नाही ते बघायचं काम सरांकडे.

त्या पेटीत एक दोरी होती. सुताची, बरोबर शंभर मीटरची, दर दहा मीटरला गाठ मारलेली. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत पक्षाचं टेबल, झेंडा, टोपी, काही चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि शंभर मीटर म्हणजे साधारण त्या लिंबापर्यंत, असं सगळेच धरून चालतात. सर धरून चालत नसत. आदल्या दिवशी दुपारी साहित्य उतरवून आम्ही पंख्याखाली आडवे झालो, की सर शाळेच्या दाराच्या कडीला दोरीचं एक टोक बांधून उन्हात चालायला लागायचे, दुसऱ्या हातात रेघ मारायला फक्कीचा डबा. जामखेडच्या बाजूला एका गावात तिथल्या पुढाऱ्याचं टेबल सत्त्याण्णव मीटरवर निघालं. तीन मीटरसाठी कशाला जीव खाता, असं त्यानं विचारलं. सरांनी वाद घातला नाही. दोरीचं टोक त्याच्याच हातात दिलं आणि आपणच मोजा म्हणाले. पुढारी भर उन्हात, माणसांदेखत, एकेक गाठ मोजत गेला आणि परत येऊन त्यानं टेबल उचलायला लावलं. नंतर तो आमच्यासाठी थंड पाण्याचे जार घेऊन आला. सरांनी तेही परत पाठवले, कारण दुसऱ्या पक्षानं पाठवले नव्हते.

खाण्याचं तर विचारूच नका. निवडणुकीच्या गावात मास्तर लोकांना कुणीतरी जेवायला घालतं, ही आमच्याकडे रीतच आहे. बाकीच्या पोलिंग पार्ट्या मटणाच्या रश्शावर ताव मारून झोपायच्या आणि आम्ही सरांच्या पेटीतल्या दशम्या खायचो. वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, सहा माणसांना दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचं तिखट बांधून द्यायच्या. चहाचा प्रश्न एकदा फार चिघळला. एका पक्षाच्या पोलिंग एजंटनं चहा आणला, सर नको म्हणाले, दुसऱ्याचाही नको म्हणाले, आणि दुपारी तीनपर्यंत आम्ही सगळे डोकं धरून बसलो. शेवटी सरांनी तोडगा काढला. एकाकडून दूध घेतलं, दुसऱ्याकडून साखर, पावडर पेटीतली, आणि स्टोव्हवर चहा स्वतः केला. दोन्ही एजंटांना एकाच वेळी कप दिले. हसलो आम्ही फार, पण त्या केंद्रावर दिवसभर एक शब्द वाढला नाही, हेही खरं.

पण सरांचा खरा हट्ट होता तो गुप्ततेचा. एका गावात एक म्हातारी मशीनपाशी उभी राहून मोठ्यानं विचारू लागली, की मास्तर, मला अमक्याला द्यायचंय, कोंचं बटन दाबू. सरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हातारीला वाटलं मास्तर रागावले. ती मत न देताच निघाली. मग सरांनी तिला परत बोलावलं, पाणी दिलं, आणि भिंतीवरच्या नमुन्यावरची सगळी चिन्हं एका सुरात, एकावरही जोर न देता, वाचून दाखवली. बाहेर रांग खोळंबली होती, लोक शिव्या घालत होते. सरांना त्याचं काही नव्हतं. तिचं मत कुणाला, ते आपल्याला कळता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

हे वेड शाळेतही चालायचं. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा शिक्षकांनी कुठंतरी फिरून यायचं ठरवलं. भंडारदरा की शिंगणापूर, एवढाच प्रश्न. कुणीतरी हात वर करा म्हणालं. सर म्हणाले, हात वर केला की मुख्याध्यापकाकडे बघून हात वर होतात. मग चिठ्ठ्या, मग पिण्याच्या पाण्याचा रिकामा माठ, मग घड्या सारख्या आहेत का ते बघणं. मोजल्या तर तीन इकडे, तीन तिकडे. आम्ही सरांना म्हणालो, तुम्ही कुठलं लिहिलं होतं ते सांगा, तुमच्या मनासारखं करू. सर सांगेनात. सुट्टी संपली, आम्ही कुठंच गेलो नाही. वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, की बाई, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्यांना भाजी कोंची आवडती ते अजून मला ठावं न्हाई.

अशा माणसाला तहसिलीनं टपाली मतदानाचं प्रशिक्षण द्यायला बसवलं, ते बरोबरच होतं. ज्यांची ड्युटी दुसऱ्या गावाला लागते त्यांना आपल्या गावी जाऊन मत देता येत नाही. त्यांना मतपत्रिका कागदावर मिळते. ती छोट्या लिफाफ्यात घालून चिकटवायची. सोबत एक घोषणापत्र असतं, की मी अमुक अमुक, हे मत माझंच आहे. त्यावर आपली सही आणि साहेबाचं साक्षांकन. ते घोषणापत्र आणि तो चिकटवलेला छोटा लिफाफा, दोन्ही मोठ्या लिफाफ्यात. मोजणीच्या वेळी मोठा लिफाफा उघडून आधी घोषणापत्र बघतात. ते नसलं, तर छोटा लिफाफा उघडतसुद्धा नाहीत, मत तिथंच बाद. गोष्ट एवढीशी आहे, पण दर वेळी शिकल्या-सवरलेल्या लोकांची मतं त्यात बाद होतात. सर लग्नपत्रिकांचे जुने लिफाफे पोतंभर घेऊन यायचे आणि तीनशे मास्तरांकडून ते भरून घ्यायचे. "मत आत, माणूस बाहेर," असं ते एकसारखं म्हणायचे. "दोघांची गाठ पडता कामा नये." जेवणाच्या सुट्टीत पोरसवदा मास्तर त्यांची नक्कल करायचे. मीही केली आहे.

सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं आणि त्यांच्या गावच्या नगरपंचायतीची निवडणूक लागली. त्यांचा वॉर्ड बायकांना राखीव निघाला, आणि एका आघाडीचे लोक वहिनींकडे आले. गुरुजींची बायको म्हटल्यावर घरोघर चहा मिळेल, हा त्यांचा हिशेब. त्यांना वाटलं, वहिनी सही करतील आणि पुढचं गुरुजी बघतील. आमच्याकडे तसंच चालतं. बॅनरवर बाईचा फोटो पासपोर्टएवढा आणि नवऱ्याचा दारभर. पण सरांनी आपला फोटो छापू दिला नाही, प्रचाराला एक पाऊल टाकलं नाही, घराच्या ओट्यावर बैठकही होऊ दिली नाही. सरकारी नोकर, आचारसंहिता, वगैरे. आघाडीचे लोक थोड्या दिवसांत थंड पडले. वहिनी मात्र पडल्या नाहीत. चिन्ह मिळालं होतं कपबशी. शेजारच्या चार बायका घेऊन त्या दुपारी घरकाम उरकलं की निघायच्या आणि एकच गोष्ट बोलायच्या, बाजारतळावर बायकांसाठी मुतारी.

मी एकदा त्यांच्याबरोबर अर्धी गल्ली फिरले. त्या सांगत होत्या, की लग्नाआधी त्या आईबरोबर आठवड्याच्या बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसायच्या, आणि बाजाराच्या दिवशी आई सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. का घ्यायची नाही ते लहानपणी कळलं नाही. आता सासरच्या गावात येऊन तीस वर्षं झाली, बाजारतळाला फरशी झाली, कमान झाली, बायका अजून पाणी न पिताच बसतात. एवढी साधी गोष्ट कुणाच्या भाषणात मी ऐकली नव्हती. मला वहिनींबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा काही कळलं असं म्हणते, आणि लाज वाटते, कारण त्याआधी नऊ निवडणुका मी त्यांच्या दशम्या खाल्ल्या होत्या.

वहिनींच्या विरोधात उभी होती ती सरांची जुनी विद्यार्थिनी. चौथीत त्यांनी स्कॉलरशिपला बसवलेली, आता बचत गटाची अध्यक्ष. हुशार, धडपडी. दोन उन्हाळे तिनं भांडून वॉर्डात टँकर आणला होता. सरांना तिचं कौतुक होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचायचंही नाही. जेवताना ते वहिनींपुढेच म्हणाले होते, की पोरीनं काम केलंय हं. आणि मत नातं बघून द्यायचं नसतं, हे तर ते आयुष्यभर म्हणत आले होते. गल्लीत लोकांनी लगेच ओळखलं. वहिनी दारात गेल्या की पुरुष माणसं हसून विचारायची, की गुरुजींचं मत तरी तुमालाच हाय ना. वहिनी हसून पुढं जायच्या.

त्या दिवशी वहिनींनी मला कोपऱ्यावर थांबवलं आणि म्हणाल्या, "बाई, मी निवडून यीन न्हाईतर पडंन, लोकांचं लोकांना ठावं. पर घरातलं एक मत मला हाय का न्हाई, तेवढं मला कळाया पाह्यजे."

तुम्ही विचारा की, असं मी म्हणाले. वहिनी म्हणाल्या, की विचारलं तर म्हणतात, मत गुप्त असतं.

सरांना ड्युटी लागली जिल्ह्याच्या पार उत्तरेला, गोदावरीकाठच्या गावाला. बायको उभी आहे म्हणून अर्ज द्या, ऑर्डर रद्द होते, असं सगळ्यांनी सांगितलं. उभी ती आहे, मी नाही, असं म्हणून सरांनी तो विषय संपवला. म्हणजे त्यांचं मत टपालीच जाणार होतं. ज्या दिवशी टपाली मतं घेतली त्या दिवशी मी तहसिलीत होते. सर सकाळपासून टेबलाशी उभे. शेकडो लोकांचे लिफाफे त्यांनी स्वतःच्या हातानं तपासले, चुकलेले परत भरायला लावले, डिंक नीट लागला का ते अंगठ्यानं दाबून बघितलं. जेवायलाही गेले नाहीत. पेटी बंद करायला दहा मिनिटं उरली तेव्हा त्यांना आपलं मत आठवलं. घोषणापत्रावर त्यांनी साहेबांचं साक्षांकन घेतलं, ते मी पाहिलं. मग ते पडद्यामागे गेले. बाहेर शिपाई कुलूप घेऊन उभा, एकजण हाका मारतोय. सर बाहेर आले ते मोठा लिफाफा चिकटवूनच, मागे सही करून, आणि त्यांनी तो पेटीत टाकला. सगळ्यांचे लिफाफे तपासणारे सर होते. सरांचा लिफाफा तपासणारं कुणी नव्हतं.

मोजणीला मला बोलावलं नेमकं त्याच गावी, आणि बसवलं टपाली टेबलावर. सकाळी दहाला सुरुवात. त्या वॉर्डाची टपाली मतं तीनच. पहिला लिफाफा नीट. दुसरा नीट. तिसरा उलटा केला तर मागे सरांची सही. ती सही मी रोज हजेरीवर बघत आले होते. मोठा लिफाफा कापला. आत छोटा लिफाफा, चारी कडांना डिंक लावून चिकटवलेला. आणि घोषणापत्र नाही.

छोटा लिफाफा माझ्या हातात होता आणि तो जाड लागत होता. एक मतपत्रिका एवढी जाड नसते. माझ्या बोटांना आत दोन कागद कळत होते. सरांनी मत आत घातलं होतं आणि माणूसही आतच घातला होता. निर्णय अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातले, शांत माणूस. त्यांनी विचारलं, मोठ्या लिफाफ्यात काही राहिलं नाही ना. मी लिफाफा उलटा करून झटकला. नाही साहेब, असं म्हणाले. त्यांनी छोट्या लिफाफ्यावर 'नामंजूर' लिहिलं आणि बाजूला ठेवला. उमेदवारांचे प्रतिनिधी दोघंही जांभया देत होते. तीन टपाली मतांकडे कोण बघतं.

मग मशीनची मोजणी झाली आणि वहिनी एका मतानं पडल्या.

हॉलमध्ये एकदम गलका झाला. वहिनींच्या बाजूच्या प्रतिनिधीनं फेरमोजणी मागितली. मशीनचे आकडे तेच राहिले. मग साहेबांनी बाद झालेलं ते एक मत परत मागवलं. दुसऱ्यांदा तो लिफाफा माझ्यासमोर आला. कागद आत असेल, उघडून बघू या, एवढं वाक्य मी बोलू शकत होते. ऐकलं असतं की नाही, माहीत नाही. पण उघडला असता, तर सरांचं नाव आणि सरांची खूण एकाच वेळी सगळ्यांपुढे टेबलावर पडली असती. आणि उघडायचा नसतो, हे मला शिकवलं होतं ते ज्यांचा लिफाफा होता त्यांनीच. मी गप्प बसले. साहेबांनी दुसऱ्यांदा नामंजूर केला, सुतळी बांधली, लाख लावली. मला कधी नव्हे इतका या नोकरीचा वीट आला.

बाहेर गुलाल उडत होता. मी जेवले नाही, तशीच चालत सरांच्या घरी गेले. सर सकाळीच ड्युटीवरून परतले होते आणि ओसरीवर बसले होते. निकाल कळलेला होता. वहिनी आत होत्या, शेजारच्या बायका येऊन जात होत्या. मी सरांजवळ बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. खरं तर तेही सांगायचं नसतं. सर ऐकत राहिले. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "छोटा लिफाफा उघडला नाही ना?"

"नाही सर. शाबूत होता. सील केला."

"बरोबर केलंत," सर म्हणाले.

तेवढ्यात बायका गेल्या आणि वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. डोळे सुजलेले, पण पदर नीट. सर उठून उभे राहिले. शाळेत साहेब आले की उभे राहायचे, तसे.

"बाद झालेलं मत माझं होतं," ते म्हणाले. "घोषणापत्र चुकून आतल्या लिफाफ्यात गेलं. मी चुकलो."

वहिनींनी तांब्या खाली ठेवला. "म्हंजी तुमीच पाडलं मला."

"व्हय," सर म्हणाले. एरवी त्यांच्या तोंडी 'होय' असायचं.

वहिनी रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. त्या खांबाला टेकून खाली बसल्या. मला वाटलं आता रडतील. पण त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"पडले ते पडले. लोक इसरतील. पर ते मत कुनाला हुतं, तेवढं सांगा."

सरांनी तोंड उघडलं. मत गुप्त असतं, हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं, आणि त्यांनी ते गिळलं, तेही दिसलं. पण त्याच्या जागी दुसरं वाक्य आलं नाही. त्यांनी वहिनींना मत दिलं असेल आणि ते सांगायची जीभच त्यांना उरली नसेल. किंवा त्या पोरीला दिलं असेल आणि खोटं बोलता येत नसेल. दोन्ही गोष्टी या माणसाला शोभणाऱ्या होत्या. कोणती खरी, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी हुत्या ना तितं. तुमाला तर दिसलं आसंल."

मी म्हणाले, "दिसलं वहिनी. लिफाफा एका कडेनं उसवला होता. खूण कपबशीपुढंच होती."

एवढ्या एका वाक्यात मी तीन गुन्हे केले. दुसऱ्याचं मत पाहिलं म्हणाले, पाहिलेलं सांगितलं, आणि ते सगळं खोटं होतं. दोनच मिनिटांपूर्वी लिफाफा शाबूत होता असं मी सरांना सांगितलं होतं आणि सर तिथंच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ज्या माणसानं भर प्रशिक्षणात तहसीलदारांची चूक उभं राहून काढली, तो आता बोलणार, असं धरून मी बसले. वहिनींचं लक्षही त्यांच्याकडेच होतं. सर काही बोलले नाहीत.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "मग झालं," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. आतून स्टीलच्या डब्यांचा आवाज यायला लागला. त्यांनी आम्हाला जेवायला वाढलं, आणि स्वतःही जेवल्या. ती पोर संध्याकाळी पाया पडायला आली तेव्हा तिला त्यांनी पहिली गोष्ट मुतारीची सांगितली, आणि ते कबूल करून घेतल्याशिवाय साखर हातावर ठेवली नाही.

मी निघाले तेव्हा सर स्टँडपर्यंत पोचवायला आले. वाटेत मला भीती वाटत होती आणि थोडा रागही होता, की एवढ्या वर्षांत या माणसाला बायकोशी दोन शब्द बोलता येऊ नयेत. एस.टी. लागलेली होती. मी पायरीवर चढले तेव्हा सर खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"आज घरात जे बोललात ते बाहेर कुठं बोलू नका, बाई. नोकरी जाईल तुमची."

"नाही बोलणार, सर."

गाडी सुरू झाली. सर एका हातानं खिडकीची कड धरून दोन पावलं बरोबर चालले.

"ती पुन्हा विचारील," ते म्हणाले. "तेव्हाही हेच सांगा."

वहिनींनी पुन्हा विचारलं, एकदा नाही, पुष्कळदा. शेवटचं विचारलं ते सरांच्या दहाव्याला, नदीवरून परतताना, बाकीच्या बायकांना पुढं जाऊ देऊन. मी तेच सांगितलं.